दुसरी संधी कुणाच्या पैशाने?

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे मार्गदर्शन शिबिरांचा हंगाम सुरू होतो. शादीखान्यात किंवा उर्दू शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या जातात, गुणवंतांना ट्रॉफ्या दिल्या जातात आणि मग भाषणे होतात. या भाषणांचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. एक वक्ता म्हणतो, आवडेल तेच शिका, रोजी देणारा अल्लाह आहे. दुसरा म्हणतो, आवडीने चूल पेटत नाही. फार्मसी करा, आयटीआय करा, दोन वर्षांत हाताला हुनर येईल आणि गल्फचा व्हिसाही मिळेल. समोर बसलेले अब्बा दुसऱ्याचे ऐकून मान डोलावतात, मुले पहिल्याचे ऐकून टाळ्या वाजवतात.

मी ही दोन्ही भाषणे अनेकदा ऐकली आहेत. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर असते. पण दोघांनीही एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. ती अशी, की निवड एकदाच करायची असते, सतराव्या-अठराव्या वर्षी, आणि एकदा फॉर्म भरला की आयुष्याचा रस्ता ठरला.

आपल्याच समाजातल्या मोठ्या माणसांची चरित्रे वाचताना मला असे दिसत नाही. त्यातल्या अनेकांची पहिली निवड टिकली नाही. कॉलेज सुटले, विषय बदलला, धंदा बुडाला, नोकरी गेली. त्यांना दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा निवड करता आली म्हणून ते आज आपल्याला माहीत आहेत. मग प्रश्न उरतो, ही दुसरी संधी त्यांना कुणी दिली आणि तिचा खर्च कुणी सोसला? या लेखात मला याच प्रश्नाचा माग काढायचा आहे. त्यासाठी मुख्यतः डॉ. सलीम अलींची गोष्ट सांगणार आहे, कारण ती आपल्या मुंबईत आणि कोकणच्या किनाऱ्यावर घडलेली आहे, आणि आपण तिचा फक्त शेवट लक्षात ठेवला आहे.

सुरुवात त्यांच्या आजोळच्या खानदानापासून करावी लागेल. तैयबजी हे सुलेमानी बोहरा घराणे. मूळ खंबायतचे, पण मुंबईत व्यापार करून नावारूपाला आलेले. या घराण्याचे मुल्ला तैयब अली यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आपल्या मुलांना शिकायला परदेशी पाठवले. मुसलमानांनी इंग्रजी शिक्षणापासून लांब राहावे असे मानणारे लोक तेव्हा पुष्कळ होते. त्यांचा एक मुलगा कमरुद्दीन इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाला. हा मान मिळवणारा तो पहिला हिंदी माणूस. दुसरा मुलगा बदरुद्दीन, जन्म १८४४ चा, वयाच्या सोळाव्या वर्षी विलायतेला गेला.

बदरुद्दीन तैयबजी पुढे मुंबई हायकोर्टातले पहिले हिंदी बॅरिस्टर झाले, १८८७ मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन करणाऱ्यांत ते होते. हे सगळे शाळेच्या पुस्तकात असते. पण त्यांचे शिक्षण सरळ पार पडले नव्हते. डोळ्यांच्या विकारामुळे १८६४ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट टाकून मुंबईला परतावे लागले. वर्षभर घरी काढल्यावर ते पुन्हा इंग्लंडला गेले आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले. त्या काळात दुसऱ्यांदा बोटीचे तिकीट काढणे, पुन्हा लंडनमधला राहण्याचा खर्च उचलणे हे किती घरांना जमले असते? त्याच वयाच्या, तेवढ्याच हुशार एखाद्या शिक्षकाच्या किंवा विणकराच्या मुलाचे डोळे असे बिघडले असते, तर त्याची गोष्ट १८६४ मध्येच संपली असती आणि आपल्याला ती कधी कळलीही नसती.

याच गोतावळ्यातल्या अतिया फैजी १९०६ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या, शिक्षिकेचे प्रशिक्षण घ्यायला. घरची परिस्थिती चांगली, घरात शिक्षणाचे वारे, तरी बाईला व्यवसाय म्हणून जे थोडे दरवाजे उघडे होते त्यातला हा एक. तब्येतीच्या कारणाने वर्षभरात त्या परत आल्या, प्रशिक्षण पुरे झाले नाही. तिथे लिहिलेली त्यांची रोजनिशी मात्र उर्दूत छापून आली आणि पुढे तिचे पुस्तक झाले. अर्धवट राहिलेल्या शिक्षणातूनही काही हाती लागू शकते, याचे हे एक उदाहरण.

आता सलीम अलींकडे येतो. जन्म १२ नोव्हेंबर १८९६, मुंबई. भावंडांत सगळ्यांत धाकटे. एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मामू अमिरुद्दीन तैयबजी आणि त्यांच्या बेगम हमीदा यांना स्वतःचे मूल नव्हते. त्यांनी ही सगळी अनाथ भावंडे खेतवाडीतल्या आपल्या घरी वाढवली. म्हणजे या गोष्टीतला पहिला आधार मामूंचा. तो नसता तर पुढचे काहीच नव्हते.

चिमणीची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. दहाएक वर्षांच्या सलीमने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. नेहमीची चिमणी खायला हरकत नसे, पण ही चालेल का, असा प्रश्न मुसलमान घरातल्या त्या मुलाला पडला. मामू स्वतः शिकारी आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला सोसायटीच्या कचेरीत पाठवले. तिथले सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला, पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली, वाचायला पुस्तके दिली.

आपण ही गोष्ट इथेच थांबवतो आणि म्हणतो, पाहा, त्या दिवशी एक पक्षिशास्त्रज्ञ जन्माला आला. ते तितकेसे खरे नाही. त्या दिवशी फक्त एक आवड जन्माला आली. आवडीचे काम व्हायला आणखी वीस वर्षे लागली, आणि ही मधली वीस वर्षेच आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहेत.

शाळेत सलीम हुशार विद्यार्थी नव्हते. डोकेदुखीचा आजार मागे लागला, म्हणून हवापालटासाठी सिंधमध्ये नातेवाइकांकडे पाठवले गेले. अभ्यास मागे पडला. १९१३ मध्ये मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक कशीबशी पास झाले. मग सेंट झेवियर्स कॉलेजात नाव घातले. पहिल्याच वर्षी गणिताने घाम फोडला. कॉलेज सोडले आणि थेट ब्रह्मदेश गाठला. तिथे तवॉय भागात घरच्यांचा लाकडाचा आणि खाणीचा व्यवसाय होता. टंगस्टनचे खनिज तिथे निघायचे आणि पहिल्या महायुद्धामुळे त्याला मागणी होती. आजच्या भाषेत सांगायचे तर कॉलेज ड्रॉपआउट मुलगा, भावाच्या धंद्यात लावून दिलेला. आपल्या मोहल्ल्यात असे किती आहेत ते मोजायला जाऊ नये. फरक एवढाच, की तवॉयच्या आसपास घनदाट जंगल होते आणि वनखात्यातल्या काही जाणत्या अधिकाऱ्यांची ओळख झाली. हिशेबापेक्षा पक्षी पाहण्यात वेळ जास्त जायचा.

१९१७ मध्ये ते मुंबईला परतले. वय एकवीस. घरच्यांनी ठरवले की धंदाच करायचा आहे तर नीट शिकून करावा. म्हणून दावर्स कॉलेज ऑफ कॉमर्समध्ये व्यापारी कायदा आणि हिशेबनीस यांचा अभ्यास सुरू झाला. आवडीचे सोडून पोटापाण्याचे निवडले, असे म्हणून आपण इथे हळहळलो असतो. पण या टप्प्यावर एक माणूस भेटला.

फादर एथेलबर्ट ब्लॅटर हे स्विस जेझुइट पाद्री, सेंट झेवियर्समध्ये वनस्पतिशास्त्र शिकवायचे. कॉलेजातला वनस्पतींचा प्रसिद्ध संग्रह आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. एकदा कॉलेज सोडून गेलेल्या या मुलाचे मन कशात आहे, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी त्याला प्राणिशास्त्र शिकण्याचा आग्रह केला. सलीम अली सकाळी दावर्समध्ये हिशेब शिकू लागले आणि तिथून निघून झेवियर्समध्ये प्राणिशास्त्राच्या वर्गात बसू लागले. दोन कॉलेजे, एकाच दिवशी. तो अभ्यासक्रम त्यांनी पूर्ण केला. पदवी मात्र त्यांच्याजवळ नव्हती, पुढेही झाली नाही.

मला या दोन कॉलेजांच्या दिवसांचे फार महत्त्व वाटते. शिबिरातले आपले दोन वक्ते आवड आणि रोजगार यांना एकमेकांसमोर उभे करतात. फादर ब्लॅटरच्या सल्ल्याचा परिणाम वेगळा झाला. हिशेबाचा वर्ग सुटला नाही आणि त्याच्या जोडीला प्राणिशास्त्राचा वर्ग मिळाला. घरच्यांना दिलेला शब्द मोडला नाही आणि मनातली गोष्ट मारलीही नाही. अर्थात यासाठी दुपारी कामावर जाण्याची सक्ती नसावी लागते. सलीम अलींना ती नव्हती.

१९१८ च्या डिसेंबरमध्ये त्यांचे तहमीना बेगमशी लग्न झाले. नवराबायको ब्रह्मदेशात गेले. धंदा काही चालला नाही. शेवटी तोटा पदरात घेऊन मुंबईला परतावे लागले. आता वय तिशीकडे झुकलेले, पदवी नाही, धंदा बुडालेला. सरकारच्या प्राणिशास्त्रीय सर्वेक्षण खात्यात पक्षिशास्त्रज्ञाची जागा होती, पण पदवी नसल्याने ती त्यांना मिळू शकली नाही. पक्ष्यांचे ज्ञान पुरेसे होते, कागद नव्हता.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये निसर्गविज्ञानाचा नवा विभाग उघडला होता, तिथे गाइड लेक्चररची जागा मिळाली. शाळेच्या मुलांना, पाहुण्यांना प्राण्यांची माहिती सांगायची. पगार महिना ३५० रुपये. त्या काळात ही चांगली नोकरी. दोन वर्षांत त्यांच्या लक्षात आले की आपले शास्त्रीय शिक्षण तोकडे आहे. रजा काढून १९२८ मध्ये ते जर्मनीला गेले आणि बर्लिन विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रीय म्युझियममध्ये एर्विन स्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकले. शास्त्रज्ञ पक्ष्याकडे कसे पाहतो, मोजमाप कसे घेतो, नोंद कशी ठेवतो, हे त्यांना तिथे नीट कळले. १९३० मध्ये परत आले तर पैशाच्या टंचाईमुळे म्युझियममधली त्यांची जागाच रद्द झालेली.

जरा हिशेब मांडून पाहू. मॅट्रिक होऊन सतरा वर्षे झाली होती. कॉलेज सुटले, धंदा बुडाला, सरकारी जागा हुकली, मिळालेली नोकरी गेली. चौतीस वर्षांचा बेकार माणूस. आपल्या एखाद्या लग्नाच्या पंगतीत अशा माणसाबद्दल लोक काय बोलले असते, ते मला लिहायची गरज नाही.

मुंबईत राहणे परवडेना म्हणून हे जोडपे अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. घराच्या आसपास सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्यात ते घरटी विणत होते. नोकरी नसलेल्या माणसाजवळ वेळ भरपूर. सलीम अली दिवसच्या दिवस ती घरटी पाहत बसले आणि टिपणे काढत राहिले. सुगरणीचा नर अर्धवट घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर ताबा घेते आणि मग नर घरटे पूर्ण करतो. मादी अंडी घालून बसली की नर शेजारी दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. इतक्या बारकाईने हे पूर्वी कुणी मांडले नव्हते. या लेखाने पक्षिशास्त्रज्ञांमध्ये त्यांचे नाव झाले. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या एका गावात, बेकारीच्या काळात, हे काम झाले.

मग संस्थानांतल्या पक्ष्यांचे सर्वेक्षण करण्याची कल्पना निघाली. सलीम अलींनी सांगितले, मला पगार नको, फक्त तंबू, प्रवास आणि मुक्कामाचा खर्च द्या. निजामाच्या हैदराबाद संस्थानाने ते मान्य केले. आपला आजचा मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. नंतर त्रावणकोर-कोचीन आणि इतर संस्थाने झाली. तहमीना बेगम या मोहिमांत बरोबर असत आणि मुक्कामाची व्यवस्था पाहत. त्या इंग्लंडमध्ये शिकलेल्या, सुखवस्तू घरातल्या. त्यांनी नवऱ्याला पगाराच्या नोकरीचा तगादा लावला असता तर त्यात कुणाला वावगे वाटले नसते. त्यांनी तंबूतला संसार स्वीकारला. १९३९ मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. त्यानंतर सलीम अली बहीण आणि मेहुण्यांच्या घरी राहिले आणि काम चालू राहिले. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पहिले प्रसिद्ध पुस्तक आले. मॅट्रिकपासून मोजले तर अठ्ठावीस वर्षांनी.

पुढचे सगळ्यांना माहीत आहे. डिलन रिप्ले यांच्याबरोबर लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ, १९५८ चे पद्मभूषण, १९७६ चे पद्मविभूषण, राज्यसभेचे सदस्यत्व. ज्या माणसाला पदवी नाही म्हणून जागा मिळाली नव्हती, त्याला अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने आणि नंतर इतर विद्यापीठांनी सन्मानाने डॉक्टरेट दिली. १९८७ मध्ये ते गेले.

या सगळ्या प्रवासात त्यांच्या खात्यावर जमा असलेल्या गोष्टी मी मोजून पाहिल्या. सांभाळणारे मामू. लहान मुलाला गंभीरपणे घेणारी सोसायटी. सोडून गेलेल्या विद्यार्थ्याकडे पुन्हा पाहणारा प्राध्यापक. कमी पैशात राहायला तयार असलेली बायको. पडत्या काळात घर देणारे नातेवाईक. चिकाटी त्यांची स्वतःची होती, यात शंका नाही. पण चिकाटी दाखवायला जो वेळ लागतो, तो वेळ इतरांनी विकत घेऊन दिला होता.

इथे कुणीही म्हणेल, भाई, ते तैयबजी होते. खाणी होत्या, जंगले होती, किहीमला जाऊन राहता येत होते. आमच्या पोराने कॉलेज सोडले तर त्याला उद्यापासून गॅरेजवर जावे लागते. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. म्हणून दुसरे उदाहरण मी रामेश्वरमचे घेतो.

अब्दुल कलामांचा जन्म १९३१ चा. वडिलांची बोट होती, घरात खाणारी तोंडे बरीच. लहानपणी कलामांनी चुलतभावाला वर्तमानपत्रे वाटायला मदत करून पहिली कमाई केली. मेहुणे जलालुद्दीन थोडेफार शिकलेले होते. गावाबाहेरच्या जगाबद्दल ते या मुलाशी बोलायचे. रामनाथपुरमला हायस्कूल करून कलाम १९५० मध्ये तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ कॉलेजात गेले आणि भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. करू लागले.

शेवटच्या वर्षात त्यांच्या लक्षात आले की भौतिकशास्त्र हा आपला विषय नाही, आपल्याला इंजिनिअर व्हायचे आहे. हे कळायला चार वर्षे गेली होती. घरच्या ऐपतीचा विचार केला तर हे कळणे परवडणारे नव्हते. तरी त्यांनी मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अर्ज केला आणि निवड झाली. प्रवेशाला सुमारे हजार रुपये लागणार होते. तेवढे पैसे घरात नव्हते. बहीण जोहरा पुढे आली आणि तिने आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली. कलामांनी ठरवले की त्या बांगड्या आपल्या स्वतःच्या कमाईने सोडवायच्या.

तिथली पुढची एक गोष्ट मुलांना फार आवडते, पण तिच्यातला धाक ती सांगताना निसटून जातो. विमानाच्या आराखड्याचे काम समाधानकारक नव्हते म्हणून संचालक प्रा. श्रीनिवासन यांनी सांगितले, तीन दिवसांत पूर्ण कर, नाहीतर शिष्यवृत्ती बंद. कलामांनी रात्रीचा दिवस करून काम पूर्ण केले आणि प्राध्यापक खूश झाले. हे झाले ते चांगलेच झाले. पण या प्रसंगात मला दुसरी गोष्ट दिसते. त्या मुलाचे इंजिनिअर होणे तीन दिवसांच्या अंतरावर तुटायला आले होते, आणि तुटले असते तर बांगड्याही गेल्या असत्या. सलीम अलींना सतरा वर्षांचा अवकाश मिळाला, कलामांना तीन दिवसांचा. श्रीमंती आणि गरिबी यांतला फरक शिक्षणात असा वेळेच्या रूपाने दिसतो.

पुढेही त्यांची पहिली पसंती पुरी झाली नाही. पदवीनंतर त्यांच्यासमोर दोन वाटा होत्या, हवाई दल आणि संरक्षण मंत्रालयाचे तांत्रिक खाते. मन हवाई दलाकडे ओढत होते. डेहराडूनच्या निवड मंडळात पंचवीस जणांत ते नववे आले आणि जागा आठ होत्या. मग तांत्रिक खात्यातली नोकरी घेतली, २५० रुपये मूळ पगारावर. पायलट होऊ न शकलेला हा मुलगा पुढे देशाचा क्षेपणास्त्र कार्यक्रम चालवणारा माणूस झाला, राष्ट्रपती झाला.

दोन घराण्यांत जमीन-अस्मानाचा फरक. एकीकडे मुंबईचे तैयबजी, दुसरीकडे रामेश्वरमचे बोटवाले. पण दोन्ही मुलांचा पहिला विषय टिकला नाही, दोघांनाही कॉलेजात गेल्यावरच आपला खरा विषय सापडला, आणि दोघांच्याही वळणावर कुणीतरी आपले उभे होते. तैयबजींकडे ते भांडवल खानदानाचे होते. रामेश्वरमला ते एका बहिणीच्या हातातले होते.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या समाजाची परिस्थिती आकड्यांत सांगायची तर, २००१ च्या जनगणनेच्या आधारे सच्चर समितीने दाखवून दिले होते की देशात वीस वर्षांवरील लोकांत पदवीधर किंवा पदविकाधारकांचे प्रमाण सुमारे ७ टक्के होते आणि मुसलमानांत ४ टक्क्यांहूनही कमी. त्यानंतर बरेच बदलले आहे, मुली तर फारच पुढे आल्या आहेत. पण जो कॉलेजापर्यंत पोहोचतो तो बहुधा घरातला पहिलाच असतो. त्याला विषयांची माहिती देणारे मामू नसतात. सतराव्या वर्षी त्याने भरलेला फॉर्म हा बहुतेकदा मित्राच्या किंवा सायबर कॅफेवाल्याच्या सल्ल्याने भरलेला असतो. अशा मुलाची पहिली निवड बदलण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त आहे. आणि दुसरी संधी मिळण्याची शक्यता सगळ्यांत कमी.

आपल्या संस्था, जमाती, ट्रस्ट काय करतात? बरेच काही करतात, त्यांचे ऋण मोठे आहे. १९०६ मध्ये कोल्हापूरला शाहू महाराजांनी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी उभी करून मुस्लिम बोर्डिंगला आधार दिला, तेव्हापासून महाराष्ट्रात मुसलमान मुलांच्या शिक्षणाला हात देणारी एक परंपरा आहे. पण आजचा आपला बहुतेक पैसा पहिल्या पायरीवर खर्च होतो. दहावीला ९० टक्के मिळवणाऱ्याला बक्षीस, बारावीनंतर पहिल्या वर्षाची फी, वह्यापुस्तके. दुसऱ्या वर्षात नापास झालेल्या, इंजिनिअरिंग सोडून बी.ए.ला येऊ पाहणाऱ्या, लग्नामुळे शिक्षण तुटलेल्या आणि तीन वर्षांनी परत येऊ पाहणाऱ्या मुलीसाठी आपल्या फॉर्मवर रकानाच नसतो. उलट तिथे विचारले जाते, शिक्षणात खंड पडला आहे का? आणि उत्तर हो असेल तर अर्ज बाजूला.

त्या रकान्याने सलीम अली बाद झाले असते. कलामांनाही कुणी विचारले असते, बी.एस्सी. झाली ना, आता परत पहिल्या वर्षाला कशाला?

मला वाटते, प्रत्येक जमातीने आपल्या शैक्षणिक मदतीतला एक हिस्सा वळण घेणाऱ्यांसाठी वेगळा काढावा. रक्कम लहान असली तरी चालेल. जकातीचा पैसा कुठे लागू होतो ते आपापल्या उलेमांना विचारावे, पण लिल्लाह आणि साध्या देणगीला तशी अडचण नाही. आणि पैशाइतकीच गरज फादर ब्लॅटरसारख्या नजरेची आहे. आपल्यात आता प्राध्यापक आहेत, वकील आहेत, डॉक्टर, नर्स, सीए आहेत. शिबिरात वर्षातून एकदा भाषण देण्यापेक्षा एकेकाने वर्षभर दोन-तीन मुलांची चौकशी केली तर जास्त होईल. कॉलेज सोडलेल्या मुलाला भेटून एवढे विचारले तरी पुष्कळ, की बेटा, तुझे मन नेमके कशात लागते?

पालकांना मला एवढेच सांगायचे आहे. मुलाने दुसऱ्या वर्षाला येऊन म्हटले की अब्बा, हे मला जमत नाही, तर खानदानाची इज्जत गेली असे समजू नका. आधी विचारा, काय जमते. पोटापाण्याचे शिक्षण चालू ठेवून त्याच्या जोडीला आवडीचे काही करता येते का ते पाहा. आज मुक्त विद्यापीठे आहेत, संध्याकाळचे वर्ग आहेत. दोन कॉलेजांच्या मध्ये धावणे १९१७ पेक्षा सोपे झाले आहे. मुलीच्या बाबतीत तर हे दुप्पट लागू आहे, कारण तिचे शिक्षण एकदा थांबले की आपण ते संपले असेच धरतो.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठीही एक गोष्ट आहे. विषय बदलणे हा तुमचा हक्क आहे, पण त्याचा खर्च कुणीतरी भरते. कुठेतरी अम्मीने भिशी मोडलेली असते, कुठे बापाने ओव्हरटाइम केलेला असतो, कुठे मोठ्या भावाने स्वतःचे शिक्षण सोडलेले असते. सलीम अली नोकरी नसतानाच्या पावसाळ्यात सुगरणीसमोर बसून टिपणे काढत होते. तो फुकट मिळालेला वेळ त्यांनी फुकट घालवला नाही. कलामांना बांगड्या कधी विसरता आल्या नाहीत. दुसरी संधी मिळाली तर तिचा हिशेब ठेवा आणि पुढे कधीतरी ती कुणा तिसऱ्याला द्या. आपल्याकडे तैयबजींच्या खाणी नाहीत. एकमेकांचे मामू होणे, एवढेच आपल्या हातात आहे.